घोटलेला लाल

आमच्या गल्लीत मातीची भांडी घडवणाऱ्याला सगळे घोट्या म्हणत. रंगाची पूड आली की ती खलात घालून घोटायची, मग चिमूटभर दाताखाली धरून बघायची. कचकच लागली की पुन्हा खल. "एक दिवस बायकोलाही घोटशील," कारागीर चिडवायचे. "तिनेच मला घोटून ठेवलंय," हा म्हणायचा.

त्याचा लाल वाडगा घराघरात होता. भट्टीत साधा लाल रंग टिकत नाही, करपून तपकिरी होतो. म्हणून त्याने नवी पूड आणली. त्या पुडीत कॅडमियम, म्हणजे विषच. पण कणाकणावर काचेसारखं टणक कवच, त्यामुळे ते आतल्या आत राहतं. दुकानदाराने बजावलं होतं, "घोटू नका, नुसती ढवळा." घोट्या उखडला. काल आलेला दुकानदार ह्याला घोटायचं शिकवणार?

हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! मी सभांमधून कारखान्याच्या स्वस्त कपांवर तुटून पडले होते, ते घातक आहेत म्हणून. कारखान्याचा कप आणि घोट्याचा वाडगा, दोन्ही प्रयोगशाळेत दिले. चांगलं भांडं कसं असतं ते सभेत दाखवायचं होतं ना! दोन्हींत दिवसभर व्हिनेगर भरून ठेवलं आणि तपासलं. कप स्वच्छ निघाला. कॅडमियम उतरलं होतं वाडग्यातून. मी तिथल्या माणसावर ओरडले, पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा तेच. सणसणीत थोबाडीत बसावी तसं झालं.

घोट्याला सांगितलं तेव्हा त्याचे हात खलातच होते. "कारखान्याने किती चारले तुला?" तो कडाडला. घोटल्याने कणांचं कवच फुटतं आणि विष बाहेर येतं, हे प्रयोगशाळेत कळलेलं मी समजावलं. बत्ता खाली ठेवून तो म्हणाला, "म्हणजे मी जितकं मन लावून घोटलं, तितकं..." पुढचं गिळलं. मग एकदम उठला. "नात त्यातच सूप पिते."

लेक मागच्याच गल्लीत राहायची. वाटेत म्हणाला, "तूच सांग बाई, तुला बोलायची सवय आहे." दारात मात्र मला हाताने मागे सारलं.

नात टोमॅटोच्या सुपाने तोंड माखून बसली होती. त्याने वाडगा ओढून घेतला. पोरीने भोकाड पसरलं.

"बाबा! दिलेली वस्तू कुणी अशी हिसकावतं का?"

"तडा गेलाय."

"कुठे? दाखवा बरं."

तो वाडगा फिरवून फिरवून बघू लागला. सूप मनगटावरून ओघळत होतं. तडा कुठला सापडणार? कामात हात सफाईदार होता त्याचा.

"रंगात विष आहे," शेवटी जमिनीकडे बघत म्हणाला. "घोटू नको म्हणाला होता दुकानदार. मी घोटलं."

लेकीने पोरीला उचललं आणि तळव्याने तिचं तोंड पुसत राहिली, पुसून झालं तरी. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "हिला डॉक्टरकडे नेते. तुम्हीही चला. तुम्ही तर दाताखाली धरता ते."



नातीच्या तपासणीत काही निघालं नाही. त्याच्या रक्तात कॅडमियम निघालं. ते ऐकून त्याला हायसं वाटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

नंतर त्याने दारोदार फिरून वाडगे मागितले. गोणी माझ्या खांद्यावर, बोलणारं तोंड त्याचं. "इतके दिवस खातोय, मेलो का?" एकाने विचारलं. "मी घोटलं," एवढंच हा म्हणाला. कुणी पुन्हा त्यात खाऊ नये म्हणून प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडलं. सभेत मी कारखान्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. ह्याचं सांगितलं, आणि मान खाली घालून सांगितलं.

लेकीने आपल्या वाडग्यात रोप लावून तो खिडकीत ठेवलाय. घोट्या तिच्याकडे जातो, नातीला मांडीवर घेतो. बसतो मात्र खिडकीकडे पाठ करून.