गोडं पाणी वर

भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या घराला लागून यंत्रमागाची शेड आहे. लूम चालू असले की टेबलावरचा चहा पेल्यात थरथरत असतो. त्याच टेबलावर बसून मी फार लांबच्या एका फियॉर्डमधलं पाणी कॉम्प्युटरवर फिरवत असते. फियॉर्ड म्हणजे हिमनदीने डोंगर कोरून केलेली अरुंद, खोल खाडी. एका टोकाला बर्फाची भिंत, दुसऱ्या टोकाला समुद्र. ती मी कधी पाहिलेली नाही, पण तिचा तळ मला आमच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ आहे.

बाबा पायरीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्या वर्षी मी एप्रिलमध्येच घरी आले. संस्था परदेशात, मोठा कॉम्प्युटर तिकडे, आणि मी इथून त्याला कामाला लावायची. फियॉर्डच्या पाण्याचे लहान लहान चौकोन पाडायचे. प्रत्येकात मीठ किती, उष्णता किती, नायट्रेट किती, आणि तासातासाला कोणाचं पाणी कोणाकडे सरकतं, हे त्याने काढायचं. नायट्रेट म्हणजे समुद्राचं खतच. ते तळाशी भरपूर असतं. वर उजेडात आलं तर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती त्यावर वाढतात आणि त्यांच्यावर पुढे मासळी जगते.

जुलैमध्ये आमच्या गटाची बोट त्या फियॉर्डमध्ये जाणार होती. एकदाच, एका आठवड्यासाठी. पाण्याच्या बाटल्या कुठे भरायच्या त्या जागा माझ्या या गणितावरून, म्हणजे मॉडेलवरून, ठरल्या होत्या आणि बोटीवर एक जागा माझी होती. मला ती इतकी हवी होती की भिवंडीच्या मे महिन्यात मी लोकरीचे मोजे आणून ठेवले होते. शेजारच्या बायकांनी हसून घेतलं.

पाण्याचं वेड कुठून लागलं, असं मला मुलाखतीत विचारलं होतं. मी ऐटीत बाबांची गोष्ट सांगितली होती. बाबांची खाडीत होडी होती. पावसाळ्यात जाळं टाकण्याआधी ते पाण्यात बोट बुडवून चाखायचे. मग बूच लावलेली बाटली दोरीने खाली सोडायचे, तळाशी गेली की झटका देऊन बूच काढायचे, आणि ते पाणीही चाखायचे. वरचं गोडं, खालचं खारं. "गोरं पानी वर रांगतं, खारं खाली दबून ऱ्हातं," ते म्हणायचे; गोड्याला त्यांच्या बोलीत गोरं. किती हात खोलीवर खारं लागतं त्यावर जाळं किती सोडायचं ते ठरायचं. मी होडीच्या टोकाला बसून पाय हलवत असायची.

माझी एक सवय आहे. प्रोग्राममध्ये स्वतःसाठी ज्या टिपा लिहायच्या त्या मी रोमन अक्षरांत पण मराठीतून लिहिते. 'हे नंतर बघ', 'इथे घोळ आहे', 'हात लावू नकोस'. परक्या देशात दिवसभर इंग्रजी बोलून जीव आंबला की तेवढंच बरं वाटतं. माझा प्रोग्राम माझ्या बाईंनी, म्हणजे मार्गदर्शक बाईंनी, दोनदा तपासला होता. टिपा त्यांना वाचता येत नसत. तिथे त्या हसून पुढे जात.

मॉडेलचं एकच दुखणं होतं. बर्फाच्या भिंतीजवळ वरच्या पाण्यात नायट्रेट फार कमी निघायचं, आणि जुन्या एका फेरीत भरलेल्या बाटल्यांत मात्र ते पुष्कळ होतं. महिनाभर झटून मी त्यावर उपाय काढला. त्या वनस्पतींची वाढ एका आकड्याने मंद केली. त्या कमी खाऊ लागल्या, नायट्रेट उरू लागलं, रेषा जुळल्या. बाईंनी शाबासकी दिली. मला मात्र तेव्हापासून स्वस्थ बसवेना. जेवताना उठायची, गच्चीवर जायची, परत यायची, तोच आलेख उघडायची.

मेच्या शेवटी एका दुपारी पालिकेचं पाणी आलं, मी मोटर लावली, आणि थोड्या वेळाने बाबा खालून ओरडले, "काय गो, नळाला गढूल पानी येतंय!" मी चिडून गच्चीवर गेले. टाकीत पाणी सोडणारा पाइप वरच्या कडेला सुतळीने बांधलेला असतो. सुतळी कुजून तुटली होती आणि पाइपाचं तोंड तळाशी जाऊन पडलं होतं. वर्षभर बसलेल्या गाळाचे लोट वर येत होते.

मी टाकीचं झाकण हातात धरून तशीच उभी राहिले. ऊन डोक्यावर होतं, पत्रा तापला होता, आणि मला आठवत होती ती बर्फाची भिंत.

खाली येऊन प्रोग्राम उघडला. हिमनदीचं वितळलेलं पाणी कुठून आत सोडायचं ती ओळ सापडली. खोली: सर्वात वरचा थर. शेजारी माझी टीप होती: 'बाबा म्हणतात, गोडं पाणी वर.'

हिमनदीचं पाणी वरून येत नाही. ते बर्फातल्या भेगांतून खाली उतरतं आणि भिंतीच्या पायथ्याशी, खोल तळात बाहेर पडतं. हलकं असल्याने उसळून वर येतं, आणि येताना तळाचं खारं, खताने भरलेलं पाणी सोबत ओढून आणतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्यावर परीक्षेत उत्तर लिहिलं होतं. पण पहिल्या दिवशी चाचणीपुरता मी तो आकडा घातला, आणि मग तो बदलायचा राहिला, कारण तो मला कधी चुकीचा दिसलाच नाही. आमच्या खाडीत पाणी तसंच तर येतं.

म्हणजे वनस्पतींचा काही दोष नव्हता. मी त्यांना उपाशी ठेवून माझी चूक झाकली होती. आणि बोट ज्या जागी बाटल्या भरणार होती त्या जागा भिंतीपासून फार लांब होत्या.

दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. गप्प राहावं, बोटीवर गेल्यावर काहीतरी निमित्त काढून बाटल्या भिंतीजवळ भरून घ्याव्यात, असंही मनात आलं. लाज वाटते, पण आलं. लूमच्या खडखडाटाचा मला कधी त्रास होत नाही. त्या दोन दिवसांत मात्र मी तीनदा शेडमध्ये जाऊन भांडून आले. मालक बिचारे शांतपणे म्हणाले, "बहन, आज काय झालं तुला?"

तिसऱ्या दिवशी बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, वाढीच्या आकड्यासकट. त्यांनी ती ओळ स्वतः उघडून पाहिली. मग म्हणाल्या, आत्ता कळलं हे नशीब. जागा नव्याने ठरवायच्या, त्यासाठी मॉडेल पुन्हा चालवायचं, आणि बोट फियॉर्डमध्ये असेपर्यंत कोणीतरी जमिनीवर बसून रोजचे आकडे बोटीला कळवायचे. ते कोणीतरी म्हणजे मीच. बोटीवर दुसरा कोणी जाईल. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "जुलैत कवा निघायचं?"

"नाही जायचं."

"का गो?"

माझा तोल सुटला. "तुमच्यामुळे! गोडं पाणी वर, गोडं पाणी वर, लहानपणापासून डोक्यात भरलंत. तेच लिहून ठेवलं मी. तिथे पाणी खालून येतं, बाबा! तळातून!"

बोलून झाल्यावर जीभ चावली. वॉकर धरून बसलेल्या माणसावर मी ओरडले होते. बाबा खाली बघत वॉकरची मूठ पुसू लागले. म्हणाले, "मी सांगं तवा तू नुसती पाय हालवं. मना वाटलं, ही काय आयकत न्हाय. मोठी झाली, निंगून गेली." मग मान वर केली. "लिवलंस? कुठं?"

मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. आकडा मी कधीच बदलला होता, टीप तशीच राहिली होती. अक्षरं रोमन, म्हणून मी बोट ठेवून वाचून दाखवली. बाबांनी माझ्या बोटाखालून त्या ओळीवर आपलं बोट फिरवलं. 'बाबा' कुठलं ते पुन्हा विचारून घेतलं.

"सगल्यांना दिसतं ह्ये?"

"दिसतं. वाचता कोणाला येत नाही."

"पुसून टाक मग. खोटं हाय तं ठेवू नको."

मी ओळ पुसली. रिकाम्या जागेत कर्सरची काडी लुकलुकत होती. शेजारचे लूम चालू होते, बाबांच्या मांडीवर लॅपटॉप थरथरत होता. मी तिथेच वाकून नवी टीप लिहिली: 'बाबा म्हणतात, इथे पाणी खालून येतं.'

"काय लिवलंस?" त्यांनी विचारलं.

मी 'बाबा'वर बोट ठेवून वाचून दाखवलं.