जुना की नवा?

पिपरी मेघेहून येणारा आमचा कॉम्प्युटरवाला मशीन सुरू झाल्याशिवाय चहाला हात लावत नसे. "काऊन रुसून राह्यला बापा?" असं मशीनलाच विचारायचा.

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये थोरले शेठ डॉसवरचा जुना डेटाबेस वापरत, धाकट्यांनी बिलांचा नवा प्रोग्राम आणला होता. एकानंतर दुसरा उघडला, की मशीन ठप्प. मग भावांची जुंपे.

"चूक कोनाची?" थोरल्यांनी विचारलं.

"कोनाचीच नाई, शेठजी. जास्तीची मेमरी एकच, अन् दोघायलेही तेच पायजे."

मशीन सुरू होतानाच 'जुना की नवा' विचारेल, अशी सोय करून तो चहा प्यायला.

तेव्हापासून सकाळी थोरले बसत, दुपारी धाकटे. भांडण थांबलं, बोलणंही थांबलं.

पुढच्या खेपेला मशीन नीट चालत होतं. तरी भावांचा अबोला बघून त्यानं चहा तसाच ठेवला.