कोरडं काडतूस

सत्तरच्या दशकात मी मालेगावला मास्तर होतो. शेजारी एक निवृत्त सुभेदार राहायचे. त्यांना लांबच्या निशाणेबाजीचा नाद होता आणि स्पर्धेची काडतुसं ते स्वतः भरायचे. गोळी सुटली की रिकामं पितळी काडतूस थोडं फुगतं. त्याला तेलाचं बोट फिरवायचं आणि पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणायचं. सुट्टीच्या दिवशी तेल लावायला मी बसायचो.

एकदा बोलण्याच्या भरात मी एक काडतूस कोरडंच पुढे सरकवलं. ते साच्यात रुतून बसलं. काढता काढता साचा आतून खरवडला. तो विलायतेहून आलेला होता, दुसरा मिळणं कठीणच.

"मास्तर, तेल लावलं होतं ना तुमी?"

"लावलं होतं," मी म्हणालो.

ते आपल्या हातांकडे पाहत राहिले. "मंग माहाच हात वाकडा पडला असन. वय झालं आता."

त्या वर्षी ते स्पर्धेला गेले नाहीत. दिवाळीनंतर त्यांनी रायफलही विकून टाकली. ते कळल्यावर मात्र मला राहवेना. त्यांच्या ओट्यावर जाऊन मी खरं सांगितलं.

ते म्हणाले, "तवाच सांगतलं असतं तं म्या हासून सोडून देल्लं असतं. माह्या हातावरचा भरोसा तं नसता गेला."

पुढेही ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलायचे. नजर मीच चुकवायचो.