इम्पोर्टेड चाकांची खाट

२६ ऑगस्ट १९९६. धाकट्या जावेच्या निविदेचे कागद टाइप करत होते. तीन प्रती, मध्ये दोन कार्बन. दोन्ही घरांत मिळून टाइपरायटर एकच, तो बारामतीत माझ्याकडे. आणि इंग्रजी टायपिंगची परीक्षाही मीच पास झालेली. ती इंदापूरहून येऊन समोर बसली होती.

निविदा सरकारी आरोग्य केंद्रांना लागणाऱ्या लोखंडी खाटांची. योजना परदेशी कर्जावर चाललेली, म्हणून जगातल्या कुठल्याही कारखान्याला दर भरायला मोकळीक. आम्हाला मात्र नव्हती. सरकारी पुरवठ्याचा तीन वर्षांचा अनुभव हवा होता, आणि वाटण्या झाल्या तेव्हा जुन्या कारखान्याचं नाव दिरांकडे गेलं. आमच्या वाट्याला पाइप वाकवायचं मशीन आलं. खाटा दहा वर्षं आम्ही सगळ्यांनी एकाच शेडमध्ये केल्या, पण कागदावर अनुभव तिचा. नवी शेडही तिचीच. साहेब पाहणीला आले की ती टेबलामागे बसून बोलायची. मला ते सहन होत नव्हतं.

"अक्का, चाकांचं नीट लिवा हां. इम्पोर्टेड हायेत."

"कुठनं आणलीस?"

"पुण्यातनं. दुकानदार म्हनला, असला माल हितं बनतच न्हाय. आन् रंग बी इम्पोर्टेडच लिवा. साहेबाला कळू दे, आमी साधा माल देत न्हाय."

समोरचा कागद होता माल देशी असल्याच्या घोषणापत्राचा. दरांची तुलना करताना परदेशी मालाच्या दरात काही टक्के वाढवून धरायचे, म्हणजे देशी माल थोडा महाग असला तरी टिकायचा. त्यासाठी खाटेचा कुठला भाग कुठे बनला ते लिहून द्यावं लागे. बाहेरचं फार दिसलं की सवलत गेली. आमच्या भागात इम्पोर्टेड म्हणजे भारी, एवढंच ठाऊक. बाई स्वतःच्या हाताने सवलत घालवत होती. मला ते लगेच कळलं, आणि मी दोन्ही ओळी टाइप केल्या.

"काय चुकलं असंल तर सांगा," ती म्हणाली.

"ठीक हाय."

कागद घेऊन ती गेली. परवा ते पुण्याला पोचायला हवे होते.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांचा घास हातातच राहिला.

"आन् तू गप बसलीस?"

"तिनं सांगितलं ते लिवलं."

"तिची गेली म्हंजी तुला मिळनार हाय व्हय? परदेशातला कोन तरी घिऊन जाईल. त्यो काय पाइप वाकवाय बारामतीला येनार हाय?"

तिला ऑर्डर मिळाली तर पाइप आमच्याकडेच येणार होते. एवढ्या खाटांचे पाइप वाकवणारं दुसरं मशीन तिच्याजवळ नव्हतं. आमचं दोन महिने पोत्याखाली झाकून होतं. हे मला दुपारीही माहीत होतं.

"तिचं बघवत न्हाय तुला," ते म्हणाले.

"न्हाय बघवत. वाढू का आमटी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून घोषणापत्र नव्याने टाइप केलं, माल कुठला ती जागा कोरी ठेवली आणि एसटीने इंदापूर गाठलं. जावेला म्हटलं, चाकांचं खोकं दाखव. खोक्यावर लुधियाना छापलेलं होतं. रंगाच्या डब्यावर मुंबई. दोन्ही गावं मी शाईने तिन्ही प्रतींवर भरली आणि सवलतीची भानगड तिला समजावून सांगितली.

तिने ती ऐकली की नाही कोण जाणे. ती खोकं उलटंपालटं करून बघत होती. "म्हंजी साधीच निघाली व्हय चाकं?"

तिचं तोंड उतरलं. मला फार बरं वाटलं. तिच्या सह्या घेतल्या, जुने कागद फाडले आणि चहाला न थांबता परतीची एसटी धरली.