कांडीवर गुंडाळलेली तार

आईचा हात मोकळा राहत नाही. अंजूर गावातली आमची शेती गोदामांखाली गेली, तशी ती धामणकर नाक्याजवळच्या कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला लागली. सुटा धागा दिसला की बोटभर कांडीवर गुंडाळायचा, ही सवय तिच्या हाडात भिनली.

मी मुंबईच्या प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. चांदीच्या नळीत काळी पूड ठासायची, नळी ओढून ओढून बारीक करायची, लाटून चपटी तार काढायची आणि भट्टीत दिवसेंदिवस भाजायची. आतल्या पुडीचं सिरॅमिक होतं. अशी तार द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की वीज जराही न गमावता वाहते. पाच वर्षं हेच केलं. नळ्या फुटल्या, भट्टी बंद पडली, फेलोशिप संपत आली. ही तार चालली नाही तर काम इथंच थांबवायचं, असं सरांनी बजावलं होतं. चाचणी दुसऱ्या संस्थेत, सकाळीच होती, म्हणून तार घरी आणली. पसरट डब्यात, मोठ्या सैल वेटोळ्यात.

निघायच्या आधी डबा उघडून बघितला, तसाच टाकला आणि आंघोळीला गेले. येऊन बघते तर तार कांडीवर! घट्ट, एकसारखी, सुबक. भाजल्यावर आतलं सिरॅमिक कपबशीसारखं ठिसूळ होतं, वाकलं की तडकतं. वरची चांदी मात्र तशीच चकाकत होती. मी मनाची समजूत घालत ती उलगडली आणि घेऊन गेले. नायट्रोजनमध्ये बुडवून वीज सोडली, तर शून्यावर राहायला हवा तो मीटरवरचा आकडा भराभर चढत गेला. सरांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही. लाज वाटली, आईची.

घरी येऊन मात्र तोंड सोडलं. "स्वस्थ बसवत नाही का तुला? पाच वर्षांची माती केलीस माझ्या."

तिनं हातातली कांडी खाली ठेवली. मग म्हणाली, "वाकवायची न्हाय, एवढं तरी सांगायचं होतंस."

सांगतेय कुठली मी! तिकडे काय करतेस गं, असं तिनं कितीदा विचारलं होतं. तुला काय कळणार, म्हणून मी उडवून लावायचे. त्याबद्दल आजही स्वतःला शिव्या घालते. आणि खरं सांगायचं तर तिच्यावरचा रागही गेलेला नाही.

आता मी नाक्यावरच्या क्लासात दहावीला विज्ञान शिकवते. परवा मोबाईलचा चार्जर खाटेवर टाकून निघाले होते. आई त्या वायरीकडे बघत उभी होती, दोन्ही हात मागे घेऊन.

"गुंडालू का गं?" तिनं विचारलं.