डेअरीतलं चित्र

काटेवाडीच्या डेअरीत दूध मापून घेणाऱ्या माणसाच्या डोक्यामागं एक चित्र टांगलेलं होतं. त्यात विहीर, घागर घेतलेली बाई आणि झाडाआड उभा एक गडी. कॅन उघडता उघडता एक डोळा बारीक करून तो प्रत्येकाला विचारायचा, "काय चाललंय वो हितं?" कुणी म्हणायचं, नवऱ्याची वाट बघतीय. कुणी म्हणालं, त्यो गडी घागर पळवणार, की हा त्याच्या दुधात लॅक्टोमीटर पुन्हा बुडवायचा. "पाणी घालणाऱ्यालाच चित्रात चोरी दिसती," म्हणायचा.

एकदा मीच विचारलं, "आबा, तुमाला काय दिसतं?"

मान न वळवताच तो म्हणाला, "दोघांनी मिळून विहिरीच्या मालकाला फसवलंय."

दुसऱ्या दिवसापासून मी दूध घरीच मापून न्यायला लागलो.