पासंग

ती नाव जेमतेम चार माणसांची होती. तिला बाहेर फिरणारा पंखा नव्हता. पोटातला पंप खालून पाणी ओढून मागे जोरात फेकी आणि त्या रेट्याने ती पळे. मागे पाते नसल्यामुळे फळीवर उभ्या राहिलेल्या माणसाला नावेच्या अगदी जवळ, चार-पाच हातांवर, तिनेच उठवलेल्या लाटेवरून घसरत येता येई. आधी हातात दोरी धरायची. लाट पाठीमागून ढकलू लागली की दोरी नावेत टाकून द्यायची आणि निव्वळ लाटेच्या जिवावर उभे राहायचे. खेळ तेवढाच. मात्र हलक्या नावेची लाटही हलकी असते. ती उभी राहायची तर नावेचा डावा मागचा कोपरा पाण्यात दाबलेला हवा. त्या कोपऱ्यात सहा वर्षे मामा बसत होते.

त्याआधी मामा तलावापलीकडे जाणाऱ्या लाँचच्या तिकीटखिडकीत होते. पूल झाला, लाँच बंद पडली आणि खिडकीवर फळ्या ठोकल्या गेल्या. धक्क्यावर सवयीने येऊन बसणाऱ्या या एकशे अठरा किलोंच्या गृहस्थाला नावेच्या चालकाने एकदा सहज विचारले, मामा, जरा त्या कोपऱ्यात बसता का. मामा बसले आणि गुडघाभर उंचीची स्वच्छ लाट उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांची नोकरी झाली. तराजूची पारडी सारखी करायला लावतात त्या वजनावरून धक्क्यावर त्यांना पासंग म्हणू लागले. मामांनी ते नाव मनाला लावून घेतले नाही. त्यांचे शरीर आजवर कुणाच्या ना कुणाच्या अडचणीचेच ठरले होते: शाळेच्या फोटोत ते कडेला उभे, बसमध्ये शेजारचा माणूस सुस्कारा टाकून सरकणार, आणि परक्या घरी खुर्चीवर बसण्यापूर्वी तिचे पाय चाचपून पाहणे आलेच. इथे प्रथमच कुणीतरी त्यांना सांगत होते की अंग चोरू नका, चांगले रेलून बसा.

काम दिसायला बसण्याचे, पण माणसाला पिळून काढणारे होते. तोंड मागे करून दिवसाला सहा फेऱ्या. डाव्या गालाची कातडी उजव्यापेक्षा काळी पडलेली, डाव्या कानात संध्याकाळपर्यंत इंजिनाची घरघर, गुडघे आखडलेले. लाटेवरचा माणूस पडला की मामा हात वर करत आणि चालक नाव वळवी. धक्क्यापासून घरापर्यंतच्या चढावर ते तीनदा थांबत.

मग रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी औषध बदलले, आणि मामांसोबत राहणाऱ्या थोरल्या बहिणीने, ताईने, ताटाचा ताबा घेतला. दर सोमवारी ती भावाला काट्यावर उभे करी आणि आकडा कॅलेंडरवर पेन्सिलीने लिही. वर्षभरात एकवीस किलो उतरले. डॉक्टर खूश, ताई खूश. तिने त्यांच्या विजारी आत घेतल्या.

लाटही उतरली. गुडघ्यापर्यंत येणारा तिचा माथा पोटरीवर आला. हे सर्वांत आधी मामांना कळले, कारण तिच्याकडे तोंड करून तेच बसत. आणि त्याची झळ बसली ती बाईंना. बाई भूमिती शिकवत, वय त्रेचाळीस, दर रविवारी सकाळी येत. दोरी सोडली की मामा मोठ्याने आकडे मोजत. बाई अकरापर्यंत टिकत. आता दोन, फार तर तीन. त्यांनी फळी बदलली, पाय ठेवण्याच्या जागेवर खडूने रेघ मारली. पाण्यातून वर येताना एकदा त्या थकून म्हणाल्या, "माझाच तोल गेलाय मामा. वय झालं, दुसरं काय."

चालकाने पंप उघडला, जाळीत अडकलेले शेवाळ काढले. सगळे तपासून झाले. तेवढा डावा कोपरा राहिला. मामा गप्प बसले. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या नावेत याच कामासाठी पाणी भरायची रबरी पिशवी ठेवतात, हे त्यांना ठाऊक होते. खरे बोलायचे म्हणजे कोपऱ्यातून उठायचे.

म्हणून त्यांनी जाळ्यांच्या दुकानातून शिशाच्या गोळ्या आणल्या आणि जुन्या बंडीला आतून खिसे शिवले. नऊ किलो. वर पाण्यात तरंगवणारे जाकीट घातले की काही दिसत नसे. त्या रविवारी मामांनी नऊपर्यंत आकडे मोजले. बाई पाण्यात पडूनही हसत होत्या. मामांच्या खांद्यांना बंडी काचत होती. घरी येताना ते चढावर पाचदा थांबले.

जाकीट त्यांच्या मापाचे मुद्दाम करून घेतलेले, म्हणून ते रोज घरी येई. बुधवारी ते धुवायला घेताना ताईला खाली बंडी सापडली. तिने बंडीचे वेडेवाकडे टाके पाहिले, वजन करून पाहिले. मग तिने बंडी जाकिटात घालून पट्टे आवळले आणि भावाला मोरीत हाक मारली. पाण्याचे पिंप काठोकाठ भरलेले होते. तिने ते गाठोडे त्यात सोडले. जाकीट क्षणभर तरंगले, एका अंगावर कलले आणि सावकाश तळाला गेले.

"आता काढ ते," ताई म्हणाली. "मला वाकवत नाही."

मामांनी खांद्यापर्यंत हात घालून ते काढले. ताई पिंपाकडेच पाहत होती. "वर्षभर तुला मोजून वाढते आहे मी. स्वतः अर्धपोटी उठते, तुला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून. ते काय हे बघायला? तू सांगतोस, का मी येऊ धक्क्यावर?"

रविवारी बाई फळी घेऊन पाण्यात उतरायच्या बेतात असताना मामांनी चालकाला इंजिन बंद करायला सांगितले. बोलायचे ठरवून आले होते त्यातले निम्मे ते विसरले. "बाई, तोल तुमचा गेला नव्हता," ते म्हणाले. "लाटच कमी होती. मी एकवीस किलो उतरलोय. मागच्या रविवारी अंगात शिसं होतं."

चालकाने कपाळाला हात लावला. पासंगालाच पासंग लावलात की मामा, असे काहीसे तो पुटपुटला, पण त्याला हसू आले नाही. बाईंनी फळी आडवी ठेवली.

"तीन महिने," त्या म्हणाल्या, "मी घरी आरशासमोर उभी राहून पाय कुठे चुकतो ते शोधत होते."

त्या दिवशी फेरी झाली नाही.

पंधरवड्यात रबरी पिशवी आली. मामांना नावेत ठेवणे चालकाच्या मनात होते, पण लहान नावेत उजवीकडे बसलेले वजन डावीकडची लाट मारते, पिशवी अर्धी भरली तर आतले पाणी हिंदकळते, आणि भरलेल्या पिशवीवर माणूस बसवला तर मागची कड पाण्याखाली जाते. मामांकडे पिशवी भरण्याचे काम आले. नळी लावायची, अठरा मिनिटे थांबायचे. पहिल्या दिवशी चालकाने पिशवी नीट कोपऱ्याला टेकवून ठेवली होती. मामांनी गुडघे टेकून तिला चार बोटे मागे आणि किंचित आत सरकवले. ती जागा त्यांच्या हाडांना पाठ होती.

रविवारी बाई आल्या. मामांकडे पाहून त्यांनी मान हलवली. नाव निघाली. सहा वर्षांत मामांनी ती लाट काठावरून कधी पाहिली नव्हती. इथून ती फारच लहान दिसत होती, चादरीला पडलेल्या चुणीएवढी. बाईंनी दोरी नावेत फेकली. मामा ओठांतल्या ओठांत मोजू लागले. अकरा झाले, बारा झाले. चौदाला बाई पडल्या.

सवयीने मामांचा हात वर गेला. नाव मात्र आधीच वळत होती. चालकाने सुकाणूच्या वर मागचे दिसणारा आरसा बसवून घेतला होता.